पडद्यांची मापं

मी घरातून निघालो तो पडद्यांची मापं घ्यायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकताना लोक मधेच थांबवून विचारतात, पण तुम्ही तिथं गेलातच कशाला? मापं घ्यायला गेलो. शिंप्याला पडद्यांसाठी बोलावणं आलं की तो टेप उचलतो आणि निघतो. दिवा जरा इकडं सरकवा. समोरच्याचा चेहरा दिसल्याशिवाय आताशा मला बोलवत नाही.

आमच्या मैसूरचा दसरा नुकताच आटोपला होता. बन्नीमंटपाच्या मैदानावरचे मांडव अजून उतरायचे होते आणि आमच्या गल्लीत शिळ्या झेंडूचा वास भरून राहिला होता. दिवाळीआधी शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते. तरी नागराजअण्णा, माझा थोरला भाऊ, दुकानात आला आणि म्हणाला, बोगादीच्या पुढं एक नवी इमारत झालीय, सगळ्या खोल्यांना पडदे हवेत, आजच चल. निघताना सहनानं, माझ्या बायकोनं, टेप आपल्या हातानं माझ्या गळ्यात अडकवली. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं तिनं कधी केलं नव्हतं. मी आपला खूश. स्कूटरवर बसून मागं वळून पाहिलं, तर ती दारात नव्हती.

आता, मी पीत होतो. ते गल्लीला माहीत आहे, तुमच्यापासून काय लपवू? पण उगादीला, म्हणजे गुढीपाडव्याला, सोडली. देवघरातल्या विठोबाच्या पायांवर हात ठेवून सोडली आणि पुन्हा हात लावला नाही. मात्र आमच्या घरात कुणी एकदा पिणारा ठरला की तो कायमचा पिणारा. उन्हानं डोळे लाल झाले तरी अण्णा माझ्या तोंडाजवळ येऊन वास घ्यायचा.

बोगादी मागं पडली. पुढं नुसते प्लॉट, त्यांच्या खुणेचे दगड आणि अधूनमधून नाचणीची शेतं. इमारत नवीच होती. आत ओल्या सिमेंटचा आणि फिनेलचा वास होता, आणि एवढ्या खोल्या असून माणसाचा आवाज नव्हता. अण्णा म्हणाला, शेवटची खोली आधी बघ. मी आत गेलो. लोखंडी खाट, कोपऱ्यात मोरी, छताला जाळीत बसवलेला दिवा. खिडकी नव्हती. मला हसूच आलं. वळता वळता म्हणालो, "अण्णा, इथं पडदा लावायचा कुठं?"

दार लागलं होतं. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला.

आधी वाटलं, थट्टा करतोय. मग दारापलीकडून तो बोलला, आणि त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "सुदीप, सुम्ने, गप बस रे. ओरडू नको. तुझ्याच भल्याचं आहे." थोडं थांबून म्हणाला, "सहनाला विचारूनच केलंय."

अण्णानं एकट्यानं केलं असतं तर मी त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण सहनाला विचारून! गळ्यातली टेप मला त्या घटकेला फासासारखी वाटली. तिनं ती अडकवली तेव्हा तिला माहीत होतं.

ते दारू सोडवायचं खाजगी केंद्र होतं. नाव सांगत नाही, आता तिथं पाटीही नाही म्हणतात. फोन आणि पट्टा काढून घेतला. टेप कशी राहिली कोण जाणे. दाराला खाली एक झडप होती, तिच्यातून ताटली आत यायची. ताटली देणाऱ्याचा मी फक्त हात बघितला. तो कन्नडमधून सांगायचा की नवा माणूस आधी एकटाच ठेवतात, शांत झाला की मोठ्या खोलीत, चार लोकांत. मी म्हणालो, उगादीपासून मी थेंब घेतला नाही. तो म्हणाला, छान. आणि झडप बंद केली. मी शांत झालो की नाही हे कोण ठरवणार, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

मारहाण झाली नाही. जेवण मिळत होतं. म्हणूनच लोकांना वाटतं, मग तक्रार कसली? अहो, एकदा एकटे राहून बघा. दिवा कधी विझत नव्हता, त्यामुळे रात्र नव्हती आणि दिवसही नव्हता. आधी मी वाट बघितली. सहनाला चूक कळेल, ती येईल, एवढंच डोक्यात. मग टेप काढून खोली मोजायला लागलो, काहीतरी करायचं म्हणून. लांबी, रुंदी, दाराची उंची. पुन्हा मोजायचो तेव्हा भिंत थोडी कमी भरायची. माझा हात मापात कधी चुकत नाही. तरी मी स्वतःलाच म्हणायचो, सुदीप, तुझं चुकलं असेल. हळूहळू तेही मोठ्यानं म्हणायला लागलो, आणि तो आवाज माझा वाटेना. मग एकदा पावनीचा, माझ्या मुलीचा, चेहरा आठवायला गेलो. रिबिनी आठवल्या, वेण्या आठवल्या. मधला चेहरा येईना. तेव्हा मात्र मी घाबरलो, आणि रडलोही.

त्या रडण्यातच भिंतीवर आवाज झाला. खडूनं कापडावर रेघ ओढावी तसा, बारीक. खाटेच्या बाजूची भिंत. मी तिला कान लावला.

"काय?" मी विचारलं.

हा शब्द आम्हा मैसूरच्या मराठी माणसांना नेहमी गोत्यात आणतो. आम्ही 'काय' असं विचारतो आणि कन्नड माणसाला ऐकू येतं, थांब, वाट बघ. बाजारात त्यावरून किती वेळा हसणं झालंय. त्या दिवशी भिंतीपलीकडून अगदी हळू, समजूतदारपणे उत्तर आलं.

"काय्तीनि."

वाट बघतो. मी काही वाट बघायला सांगितलं नव्हतं. पण माणसाचा आवाज होता हो! कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, मला काही पडलेली नव्हती. मी कन्नडमधून नाव विचारलं. तो बोलला नाही. मग मी माझं सांगितलं. सुदीप, शिंपी, बन्नीमंटपाजवळ राहतो. तेव्हा तो म्हणाला, "मत्ते?"

आमच्याकडं फोनवर सगळे हेच म्हणतात. मत्ते? म्हणजे मग, आणखी काय? बोलणं संपत आलं की पुन्हा चुलीत लाकूड सारावं तसं हे विचारायचं. मी आणखी सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, मत्ते? मी सांगत सुटलो. आई सोयराबाई मला शिवणावर कशी बसवायची, अण्णा अभ्यासात कसा मार खायचा, सहनाला बघायला गेलो तेव्हा चहाऐवजी तिनं कसं मजगं, म्हणजे ताक, आणून दिलं. त्याला एकदाही कंटाळा आला नाही. बायको अशी ऐकत नाही, भाऊ तर नाहीच. मला तो जिवाभावाचा वाटायला लागला, खरंच सांगतो.

तो मराठी कधी बोलायला लागला ते माझ्या ध्यानात आलं नाही. आधी एखादा शब्द, मग वाक्य. मराठीही आमच्या घरातली, अर्ध्यात कन्नड शिरणारी. मी बोलण्याआधी घसा खाकरतो. तोही खाकरायला लागला. मला वाटलं, नक्कल करून मला हसवतोय. एकदा तर झडप बंद झाल्यावर तो माझ्याशी न बोलता दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. "अगं, मीच... घाबरू नकोस... सुम्ने, उगाच काळजी करत बसू नकोस." माझा आवाज हुबेहूब. मी भिंतीला टेकून पोट धरून हसलो. किती दिवसांनी हसलो असेन.

एक गोष्ट मात्र खटकत होती. जे त्याला सांगून झालं, ते मला पुन्हा नीट आठवेना. मजगं आणून दिलं हे शब्द राहिले, पण तेव्हाची सहना दिसेना. शिवून दिलेला कपडा गिऱ्हाईक घेऊन जातं आणि फळीवर जागा रिकामी राहते, तसं काहीतरी. म्हणून एक गोष्ट मी राखून ठेवली होती. लग्न झाल्यापासून मी सहनाला एका नावानं हाक मारायचो. घरात दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. त्या नावानं हाक मारली की ती जिथं असेल तिथून "ओ" द्यायची, रुसलेली असली तरी. तेवढं मी त्याला सांगितलं नाही. तो विचारायचा, मत्ते? मी म्हणायचो, बस, झालं.

मग दूर कुठल्या तरी गावात फटाके वाजायला लागले. दिवाळी आली होती. मला खात्री होती, आज ती येणार. पावनीला घेऊन येणार. मी मोरीवर तोंड धुतलं, केस हातानं बसवले आणि दाराकडं तोंड करून बसलो. झडप उघडली, हात आत आला. ताटलीत एक लाडू जास्त होता. मी विचारलं, घरून कुणी आलं का? हात थांबला. तो म्हणाला, तुमच्या घरून फोन होता, आणखी थोडे दिवस ठेवून घ्या म्हणाले.

लाडू मी भिंतीवर फेकून मारला. आत जे काही उरलं होतं ते त्या घटकेला तुटलं. ज्या बाईसाठी विठोबाची शपथ पाळली, तिनं मला सणाच्या दिवशी परक्याच्या दारात ठेवून घ्यायला सांगितलं. मग पलीकडून तो अगदी मायेनं म्हणाला, "मत्ते, सुदीप?"

मी नाव सांगून टाकलं. कशाला राखायचं, आणि कुणासाठी? त्यानं ते एकदा, हळू, चव घेतल्यासारखं म्हणून पाहिलं. त्यानंतर तो फार बोलला नाही.

आणखी किती दिवस गेले कळलं नाही, मग अण्णा आला. दार उघडून उभा राहिला, नवा शर्ट घातलेला. म्हणाला, बघ, किती शांत झालास. मी त्याच्या मागं निघालो. उंबऱ्यावर मात्र सवय आडवी आली. आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत, अशुभ असतं. येतो म्हणायचं, आणि मागं राहणाऱ्यानं या म्हणायचं. मी भिंतीकडं बघून म्हणालो, "येतो."

"येतो," पलीकडून आलं.

या म्हणाला असता तर मला काही वाटलं नसतं. अण्णाला विचारलं, ऐकलंस? तो म्हणाला, काय? बाहेर आल्यावर मी त्याला स्कूटरपाशी सोडलं आणि इमारतीच्या त्या बाजूला जाऊन पाहिलं. माझ्या खोलीच्या त्याच भिंतीला लागून नुसता चौथरा होता, आणि वर आलेल्या लोखंडी सळया. खोली पुढं बांधायची होती. पलीकडं नाचणी वाऱ्यावर हलत होती.

घरी आलो तेव्हा दुपार कलत होती. पावनी बाहेर खेळायला गेली होती. सहनानं दारात भाताचा गोळा ओवाळून टाकला, डोळ्यांत पाणी आणलं. मला ते पाणी बघवेना. मागच्या खोलीत, जिथं मी कापड बेततो तिथं, पावनीच्या दिवाळीच्या फ्रॉकचे तुकडे मी जाताना ठेवले होते तसेच पडले होते, शिवायचे राहिलेले. ते बघून माझा तोल गेला. मी म्हणालो, "एकदाही आली नाहीस. कुत्र्यालासुद्धा लोक बघायला जातात."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुम्हीच तर म्हणालात, येऊ नकोस."

"मी? कधी?"

"रोज. दिवेलागणीला फोनवर."

मी तिला सांगितलं, फोन पहिल्याच दिवशी काढून घेतला होता. तिनं मान हलवली. रोज फोन यायचा, म्हणाली, नंबर दिसायचा नाही, केंद्राचा असेल असं वाटलं. मग ती सांगायला लागली, आणि सांगताना तिचा चेहरा असा मऊ झाला की मी तो वर्षानुवर्षं बघितला नव्हता. तुम्ही किती छान बोलायचात, म्हणाली. मी मजगं आणून दिलं होतं ते आठवून हसलात. पावनी झाली तेव्हा तुम्ही दवाखान्यात नव्हता, त्याची माफी मागितलीत. म्हणालात, आणखी थोडे दिवस राहतो, पूर्ण बरा होऊनच येतो, तूच केंद्रात तसं कळव. म्हणून कळवलं.

तिनं मला दगा दिला नव्हता तर. काही क्षण मला एवढं हलकं वाटलं की काय सांगू. तिला जवळ घ्यावं म्हणून मी हात पुढं केला. आणि तिचा फोन वाजला.

बाहेर दिवेलागण होत होती. सहनानं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. परत फोनकडं. उचलून ती स्वयंपाकघरात गेली. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं, तुटक तुटक. "हो... हो, आलेत... इथंच बसलेत..." मग ती नुसती ऐकत राहिली. मग, "अय्यो... खरंच?"

ती परत आली तेव्हा दारातच थांबली. फोन छातीशी धरलेला. पुढं यायला तयार नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही मला काय म्हणून हाक मारता?"

मी तोंड उघडलं. नाव तिथं नव्हतं. ते होतं एवढं मला आठवत होतं, मी ते कुणाला आणि कधी दिलं तेही आठवत होतं. पण नाव नव्हतं. सहना, मी म्हणालो. ती वाट बघत राहिली. मी म्हणालो, अगं, थांब जरा, सांगतो... भिंतीपलीकडं एक होता, त्याला मी... ऐकणाऱ्याला हे कसं वाटलं असेल ते मला आता कळतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. परक्या माणसाकडं बायका बघतात तशी ती पदर सावरून बघत होती.

मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. वाटलं, डोकं शांत केलं तर आठवेल. फ्रॉकचे तुकडे हातात घेतले, खाली ठेवले. तिनं आत येऊन ते उचलून नेले, माझ्याकडं न बघता. मग दार ओढलं गेलं आणि बाहेरून कडी सरकली.

"सहना," मी म्हणालो.

"थोडे दिवस शांत बसा," दारापलीकडून ती म्हणाली. "ओरडू नका... पावनी घाबरेल. त्यांनीच सांगितलंय तसं करायला."

मी ओरडलो नाही. ओरडून काय होतं ते मी शिकून आलो होतो. दाराला टेकून बसलो. पहिल्यांदा अण्णाच्या मागं लपून तिनं हे केलं होतं, आता स्वतःच्या हातानं केलं. मला तिचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त, मी कुणाचाच राहिलो नाही असं वाटलं. बाहेर पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. चपला काढल्याचा आवाज आला. कुणीतरी घसा खाकरला आणि काहीतरी हाक मारली, छोटासा शब्द, मला तो धरता आला नाही. सहनानं "ओ" दिली. नंतर पुढच्या खोलीत माझं मशीन चालायला लागलं. मी कडेला आलो की पाय उचलतो आणि एक श्वास घेऊन पुन्हा पायडल मारतो. तो पायही तसाच उचलला जात होता. मशीनच्या आवाजात माझा डोळा लागला. इतकी गाढ झोप केंद्रातल्या त्या खोलीत मला कधी आली नव्हती.

सकाळी कडी काढलेली होती. बाहेर गेलो तर सहनाच्या डोक्यात ताजा मोगरा होता, आणि पावनी नवा फ्रॉक घालून खिडकीच्या उजेडात स्वतःभोवती गिरक्या घेत होती. मी खाली बसलो आणि फ्रॉकची कड उलटून पाहिली. आतली शिवण माझी. टाक्याची गाठ मी जशी लपवतो तशीच लपवलेली. पण मी तो दसऱ्याआधीच्या मापानं बेतला होता, आणि पोर तेवढ्यात उंच झाली होती. कंबर वर चढायला हवी होती. ती अगदी जागेवर बसली होती. कुणीतरी तिला समोर उभं करून नव्यानं माप घेतलं होतं.

"कुणी शिवला गं?" मी विचारलं.

ती कड माझ्या हातातून सोडवून घेऊन सहनाच्या मागं गेली. "पप्पांनी," म्हणाली. मग मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं आईचा पदर ओढून तिनं विचारलं, "अम्मा, हे अंकल अजून किती दिवस राहणार?"

सहनानं तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि आमच्या झोपायच्या खोलीकडं बघितलं. तिचं दार लोटलेलं होतं.

"हळू बोल," ती म्हणाली. "पप्पा आत्ताच झोपलेत."